हायपोची बरणी

रानात मेंढरं बसवायची तर शेतकऱ्यानं धनगराला धान्य द्यायचं, ही आपल्याकडची रीत. रातभर कळप बसला की रानाला लेंडीखत आयतं मिळतं. पण म्हाळू धनगरानं यंदा पेरणीआधी राधाकिशन सरांच्या रानात मेंढरं बसवली आणि धान्याचं नाव काही काढू दिलं नाही. सर केजच्या कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवत, आणि म्हाळूची थोरली लेक सुकन्या त्यांच्याच हाताखाली शिकली. सरांनी विषय काढला की म्हाळू भलतीकडंच बघत तंबाखू मळत राहायचा.

त्याला तसं कारण होतं. मागच्या भादव्यात पावसानं ओढ दिली होती. एक मेंढी अडली म्हणून म्हाळू तिच्यापाशी बसला, आणि तेवढ्यात कळप शेजारच्या खुरटलेल्या ज्वारीत शिरला. पाण्याविना सुकलेली कोवळी ज्वारी म्हणजे जनावराला विषच. किराळ लागली म्हणतात ती हीच. बघता बघता मेंढरं धापा टाकत आडवी व्हायला लागली. जनावरांचे डॉक्टर गाडी दामटत आले, पण त्यांच्याजवळचं औषध चार-दोन मेंढरांतच सरलं. पाण्यात कालवून पाजायला हायपो पाहिजे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते म्हणाले, आणि रविवारचं आता ते मिळायचं कुठं? म्हाळूनं डोक्याला हात लावला. तेव्हा सुकन्या म्हणाली, आमच्या प्रयोगशाळेत हाय. सरांना फोन गेला. दुसरा कुणी असता तर उद्या बघू म्हणाला असता. सरांनी मात्र कुलूप उघडलं आणि बरणी पोटाशी धरून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून ते रानात हजर झाले. अर्धाअधिक कळप उठून उभा राहिला. मग बरणी सरली. मागं राहिलेली मेंढरं गेली, आणि त्यांच्यात म्हाळूची लाडकी चांदी होती.

आता सुकन्या बारावी झाली, मार्कही झकास पडले, सीईटीतसुद्धा. शिकायची तर केमिस्ट्रीच, हे तिचं भादव्यातच ठरलेलं. पण वाटा निघाल्या दोन. केजलाच बीएस्सी केमिस्ट्री, नाहीतर लांबच्या सरकारी कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग, वसतिगृहात राहून. प्रवेशाची पसंती भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. म्हाळूचा चौसाळ्याचा मेव्हणा तानाजी फोनवर म्हणाला, केमिकल म्हणजे फवारायचं औषध, ते काय पोरींनी शिकायचं? या तानाजीचं आहे पानाचं दुकान, पण सल्ले साऱ्या जिल्ह्याला. सुकन्याला विचारलं तर ती म्हणाली बीएस्सी, घरून जाता येईल. म्हणाली खरी, पण चुलीतल्या लाकडाकडं बघत म्हणाली. मेंढराची नजर ओळखणाऱ्या माणसाला लेकीची कळणार नाही होय? पोरगी काहीतरी गिळून बसली होती, आणि उद्यापर्यंत ते बाहेर आलं नाही तर तिचा जन्म भलत्याच वाटेला लागणार होता.

संध्याकाळी सर रानात आले. म्हाळूनं घोंगडं अंथरलं आणि दोन्हींत फरक काय, ते विचारलं. सरांनी नीट सांगितलं. बीएस्सीत पदार्थ ओळखायचा. तो कशाचा, असाच का वागतो, ज्वारीत विष येतं कुठून, हे शोधायचं. पुढं एमएस्सी आहे, संशोधन आहे. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये तोच पदार्थ कारखान्यात ढिगानं करायचा. त्यात गणित लागतं, पंप आले, बॉयलर आले. दोन्ही चांगलं, सर म्हणाले, पोरीचा ओढा कुठं ते बघा.

म्हाळूनं जरा विचार केला.

"मंग ती हायपोची बरणी, सर? ती कुणी केली?"

सर हसले. आधी कुणीतरी केमिस्टनं प्रयोगशाळेत चमचाभर केलं असेल, म्हणाले, आणि मग इंजिनिअरनं पोत्यापोत्यानं, म्हणून तर ते आपल्या केजपर्यंत आलं. मग त्यांचा आवाज उतरला. "त्या दिवशी एकच बरणी होती, म्हाळबा. अजून सलतं मला."

"एक व्हती म्हणून तर एवढी हाईत," म्हाळू समोर बसलेल्या मेंढरांकडं हात करून म्हणाला.

तेवढ्यात सुकन्या भाकरी घेऊन आली. म्हाळूनं तिला समोर बसवलं.

"सुके, खरं सांग. ही मेंढरं नसती, तर काय शिकली असतीस?"

ती भाकरीचं फडकं सोडत म्हणाली, "इंजिनिअरिंग."

"मंग कावून खोटं बोललीस?"

"पुन्हा किराळ लागली तर हितं कोण हाय, आबा? बरणी कुठं हाय ते तुमाला काय ठावं?"

एवढीशी पोर आपल्या मेंढरांवर पहारा करायला जन्मभर केजात बसायला निघाली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एका बरणीला राखत बसू नगंस, पोरी. त्या दिशी बरणी कमी पडली. कमी पडायची न्हाई, आसलं काय तरी शिक."

सर लगेच म्हणाले, यंदा दोन बरण्या मागवल्यात, एक तुमच्या पालातच राहील, आणि किती पाजायचं ते डॉक्टरांकडून समजून घेऊ. मग मेंढरांच्या मधोमध उभं राहून त्यांनी मोबाईलवर पसंती भरली. पहिल्या जागी केमिकल इंजिनिअरिंग. शेवटचं बटण त्यांनी सुकन्याला दाबायला लावलं.

सर तसे चिवट. अशा घडीला म्हाळू नाही म्हणणार नाही असं वाटून त्यांनी परत धान्याचं काढलं. ज्वारीचं पोतं बांधून ठेवलंय, म्हणाले.

"सर," म्हाळू म्हणाला, "तुमच्या रानात बसलीत ती तुमचीच मेंढरं हाईत. आपल्याच मेंढरांचं कुणी धान्य देतं का?"

आता भलतीकडं बघायची पाळी सरांची होती. सुकन्यानं डोळे पुसले आणि दोघांनाही भाकरी वाढली.