मामाचा खुराक

जर्मनच्या लढाईआधीची गोष्ट. माझा भाचा उमाजी मूळचा अणशीच्या रानातला, पण बेळगावचे व्यापारी वासुअण्णा यांनी त्याला पैलवान म्हणून सांभाळला हुता. तालमीशेजारी खोली, रोज दूध-बदाम, अंग रगडायला माणूस. सुप्याच्या जत्रेतल्या कुस्तीसाठी आठ दिस आधी आमच्याकडं आला, तर गाल ह्ये असे वर आलेले! माझं डोस्कंच फिरलं.

"ह्यो पैलवान हाय का नवरदेव?" मी चारचौघांत म्हणालो. "बेळगावच्या गादीवर लोळून मर्द घडत न्हाई. रान घडवतं, रान!"

"मामा, ही कुस्ती हरलो तर अण्णा मला ठेवायचे न्हाईत," तो हळूच म्हणाला. "वस्तादांनी सांगितलंय, आठ दिस अंग मोकळं ठेव."

"वस्ताद तुझा मामा हाय का मी?"

मामापुढं भाचा काय बोलणार? दुसऱ्या दिसापासनं मी त्याला सागाचे ओंडके ओढायला लावलं. खायला नाचणीची आंबील, झोपायला उघडी जमीन. माझी बायको पुतळी म्हणायची, "अवो, पोराचा खांदा सुजलाय." मी म्हणायचो, "गप गं, घट्ट हुतोय त्यो."

कुस्ती हल्याळच्या परशूशी. उमाजीनं पयल्याच पकडीत त्याला कमरंत धरून उचलला. हलगी कडाडली. पर उचललेला गडी त्याला टाकताच येईना. उजव्या हाताची पकड सुटली, आन् उमाजीच चितपट झाला.

कुस्ती बघायला आलेल्या अण्णांनी विचारलं, "काय झालं रे?"

उमाजीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "बेळगावात सुखावलो, अण्णा. अंग जड झालं."

"नागू म्हणत हुता त्येच खरं!" माझ्याकडं बोट दाखवत लोक माना डोलवू लागले. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आन् एवढी लाजही कधी वाटली नव्हती.

अण्णा एकटेच गाडीत चढले.

मी धावत जाऊन बैलाची येसण धरली. "खोटं बोलतोय पोर! तुमच्या दुधानं न्हाई, माझ्या आडमुठेपणानं हरला त्यो!" डोक्याचं मुंडासं सोडून मी उमाजीच्या खांद्यावरची माती पुसली. खाली सगळं काळंनिळं पडलेलं.

अण्णांनी खाली उतरून तो खांदा चाचपला. मग म्हणाले, "बस गाडीत. आणि यापुढं मामाकडं जायचं ते कुस्ती झाल्यावर."

लोक खो खो हसले. मला त्याचं काय बी वाटलं न्हाई. जायाच्या आधी उमाजी माझ्या पाया पडायला वाकला. उजवा हात पुढं होईना, म्हणून पोरानं डाव्यानंच माझे पाय शिवले.