सातवर शिट्टी

बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते आणि त्यांचा गेम अडीच खोल्या उरलेल्या असताना थांबला होता.

कन्सोल खरं तर माझ्या धाकट्या भावाचा. त्याची मुलगी अभ्यास सोडून त्याच्यापुढेच बसते म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी तो आईबाबांच्या टीव्हीला आणून जोडला. बाबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेही त्याच सुमारास. "पुरे झालं, कंटाळा आला," एवढंच ते म्हणाले होते. मग रोज दुपारी चार वाजले की एक खुर्ची पुढे ओढली जायची, टीव्हीपासून जेमतेम दोन हातांवर. बाबा तिच्यावर, आणि आई मागे दिवाणावर, मांडीवर काहीतरी शिवण घेऊन.

गेम साधा होता. एका बाईला वारशात एक बंद पडलेलं हॉटेल मिळतं. तिचा काका त्या हॉटेलातून नाहीसा झालेला असतो, त्याला शोधायचं. एकूण बारा खोल्या. प्रत्येक खोलीत डोळे फिरतील असा पसारा, आणि खाली यादी: कात्री, शिट्टी, हातमोजा, शंख. पडद्यावर एक पांढरा हात फिरतो. तो वस्तूवर नेऊन बटण दाबलं की ती यादीतून पुसली जाते. सगळं सापडलं की एक कोडं, कोडं सुटलं की पुढचं दार. कोपऱ्यात एक कंदील असतो. फारच अडलं तर तो लावायचा, म्हणजे वस्तू आपोआप उजळते. बाबांनी कंदील एकदाही लावला नव्हता. गेममध्ये तशी नोंदच होती: साडेनऊ खोल्या, कंदील शून्य.

बाबा गेल्यापासून मी आईकडेच राहत होते. भेटायला येणाऱ्यांना मी हे सांगत असे. पंचाहत्तरीचा माणूस, पण नजर घारीची. लोक माना डोलवत. जन्मभर मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवले, असायचीच तशी नजर. आई त्या वेळी नेमकी पाणी आणायला आत जायची.

गुरुवारी भावाचा फोन आला. "ताई, रविवारी येतो. कन्सोल नेतो म्हणतोय. पिल्लूला सुट्टी लागतेय, डोकं खातेय माझं."

"बाबांचा गेम राहिलाय त्यात."

"मग तू संपव. तुला तीन दिवस आहेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाहीतर राहू दे तसाच. कोण बघणारे."

मी संपवायचं ठरवलं. त्याचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी मी नवऱ्यापासून वेगळी राहायला लागले आणि ते बाबांना समोर बसून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं, ते माझ्याकडे सरळ बघत नाहीत. मी बोलत असले की त्यांची नजर माझ्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर असायची. एकदा मी म्हटलंही, "बाबा, कुठे बघताय?" "तुझ्याकडेच," ते म्हणाले, भिंतीकडे बघत. मला ते टोमण्यासारखं लागलं आणि मी विषय सोडला. पुन्हा काढू म्हणत राहिले. त्यांच्या-माझ्यातलं ते अर्धं राहिलेलं आता पुरं होणार नव्हतं. गेम निदान पुरा झाला असता.

त्याच दुपारी मी चार वाजता खुर्ची पुढे ओढली. आई दिवाणावर उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुई चालवली.

दहावी खोली म्हणजे हॉटेलातली कपडे धुण्याची जागा. टोपल्या, दोऱ्या, इस्त्र्या, चादरींचे ढीग. यादीतल्या पाच वस्तू उरल्या होत्या. पाऊण तासात मला त्यातली एक सापडली, चमचा, तोही चुकून बटण दाबलं गेलं म्हणून. मी पुस्तकं वाचणारी बाई. बारीक टाइपातली हजार पानं मला चालतात, पण त्या पसाऱ्यापुढे मी आंधळी होते. शेवटी मी पांढरा हात कंदिलाकडे नेला.

"कंदील नको लावूस," आई मागून म्हणाली.

"मग काय करू? शिट्टी कुठे दिसतच नाहीये."

तिने अर्धवट टाका पुरा केला. मग म्हणाली, "सातवर."

"काय सातवर?"

"शिट्टी. सातच्या आकड्यावर बघ. कडेपासून दोन बोटं आत. टोपलीच्या कडीला लटकलीये."

मी हात खाली डावीकडे नेला. टोपली होती, तिला कडी होती, आणि कडीला, चादरीच्या सुरकुतीसारखी दिसणारी शिट्टी होती. बटण दाबलं. शिट्टी वाजली आणि यादीतून गेली.

"तुला तिथून दिसतं?"

"मला स्वयंपाकघरातूनही दिसेल. तुला कसं दिसत नाही हेच कळत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा." तिने दोरा दाताने तोडला. "दोनवर साबणाची वडी. पाच अन् सहाच्या मध्ये उलटी बाहुली. बटण राहिलं ना? ते मधोमध आहे. चित्रातल्या बाईच्या झग्याला लावलेलं, खऱ्या जागी. म्हणून कुणी बघत नाही."

चारी वस्तू मिनिटभरात संपल्या. मी खुर्ची वळवली.

"आई, हे आकडे कसले?"

"तुझ्या बाबांची युक्ती. मी डावं म्हणायचे अन् बोट उजवीकडे करायचे. त्यांची चिडचिड व्हायची. मग म्हणाले, पडदा म्हणजे घड्याळ समज आणि आकडा सांग. घड्याळात तरी तू चुकणार नाहीस, एवढी वर्षं माझ्यासोबत काढलीस."

"म्हणजे शोधायचीस तू? ते नाही?"

आईने अभ्रा घडी करून बाजूला ठेवला. कडा जुळवल्या, पुन्हा उलगडला, पुन्हा जुळवल्या.

"मी त्यांना शब्द दिला होता," ती म्हणाली. "माणूस गेलं म्हणजे शब्द सुटतो असं नाही. पण तू आल्यागेल्याला ते घारीचं सांगत बसतेस, मला तिथे उभं राहवत नाही."

मग तिने सांगितलं. दुकान बंद व्हायच्या वर्षभर आधीपासून बाबांना मधलं दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, यावर आता फारसं काही होण्यासारखं नाही. कडेचं दिसायचं, मधोमध धुकं. भिंग डोळ्याला लावलं की भिंगाची कड दिसायची, स्क्रू नाही. शेवटची काही घड्याळं त्यांनी नुसत्या बोटांच्या अंदाजाने जुळवली, आणि एक परत आलं. त्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"मी सांगा म्हणायचे. म्हणाले, घड्याळजीचे डोळे गेले म्हटल्यावर उरतं काय? पोरं हात धरून रस्ता ओलांडायला लावतील. मग हा गेम घरात आला. पहिल्या दिवशी नुसते रिमोट घेऊन बसले होते, बटणं कशी आहेत बघत. मी मागून म्हटलं, ती बघा कात्री. तिथून सुरू झालं. मला त्या रिमोटमधलं काही येत नाही, त्यांना दिसत नाही. आमची दोघांची मिळून एक नजर अन् एक हात झाला."

मी विचारलं, "मधलं दिसत नव्हतं म्हणजे, माणसाचं तोंड?"

"सरळ बघितलं की नाही दिसायचं. नजर जरा बाजूला न्यायची, मग कडेने यायचं. माझ्याशी बोलताना माझ्या कानातल्यांकडे बघायचे. मी म्हटलं, लग्नात दिलीत तेव्हाही एवढी बघितली नव्हतीत."

"माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचे."

"हो. तू आलीस की फारच. तू गेलीस की मला सांगायचे, बारीक झालीये, डोळ्यांखाली काळं आलंय. गेल्या खेपेला म्हणाले, आता जरा बरी दिसायला लागलीये."

मी टीव्हीकडे वळले. पांढरा हात झग्याच्या बटणावर थांबला होता, मी सोडला तिथेच.

"मी वेगळी झाले, त्याचा राग नव्हता त्यांना?"

"राग? तू सांगून गेलीस त्याच दिवशी म्हणाले, हिने आधीच निघायला हवं होतं. मी म्हटलं, हे तिला सांगा. तर म्हणाले, तिने विचारलं की सांगतो."

मी विचारलं नव्हतं. मी त्यांची मुलगी, मीही वाटच बघत होते.

दहाव्या खोलीचं कोडं त्या दिवशी आम्ही सोडवलं नाही. आईने चहा केला.

शुक्रवारी ती स्वतःच चारला येऊन बसली. कोडं नळांचं होतं. कोडी बाबा सोडवायचे. आई त्यांना काय कुठे आहे ते सांगायची आणि ते डोक्यात जुळवायचे. चौथ्या खोलीत एक मनोरा आहे, त्याच्या घड्याळावर ते तीन दिवस चिडून होते म्हणे. चाकं अशी लावली तर घड्याळ उलटं फिरेल, ज्याने हे काढलं त्याने जन्मात घड्याळ उघडलेलं नाही. आम्हाला नळ जुळवायला दीड तास लागला. आईचं मत असं की पाणी चालू झालं ते आमच्या अकलेने नव्हे, आमची दया येऊन.

अकराव्या खोलीत घोळ झाला. मला आता थोडं दिसायला लागलं होतं आणि मी मधे मधे घुसत होते. आई "तीनवर" म्हणेपर्यंत मी नऊवर कशाच्या तरी मागे लागलेली असायची. दोनचार वेळा असं झाल्यावर तिने आकडे सांगणं सोडलं. अभ्रा उचलला.

"काय झालं?"

"तूच शोधतेस ना, शोध. ते मधे बघायचे नाहीत."

मी चष्मा काढला आणि टीव्हीशेजारी ठेवला. माझा नंबर मोठा आहे. हॉटेल विरघळलं, यादी एक राखाडी रेघ झाली, हात तेवढा पांढरा ठिपका होऊन उरला.

"असं दिसायचं त्यांना?"

"असं नाही गं," आई म्हणाली. "त्यांना कडा स्वच्छ दिसायच्या. पण चालेल." मग घसा साफ करून, "चारवर. आणखी खाली. थोडं मागे. हां."

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी अकरावी खोली संपली. तोवर मला तिच्या आवाजावरूनच कळू लागलं होतं की वस्तू छोटी आहे की मोठी. छोटी असली की ती हळू बोलते, जणू दचकून पळेल.

रविवारी भाऊ आला तेव्हा आम्ही बाराव्या खोलीत होतो आणि एकच वस्तू उरली होती, किल्ली. तो रिकामी पिशवी घेऊन दारातच थांबला.

"ताई, चष्मा कुठाय तुझा?"

"मधे बोलू नकोस," आई म्हणाली.

"पण ती काय किल्ली, समोर तर..."

"तुला दिसली ना? मग बस खाली."

तो दिवाणाच्या कडेवर बसला. आई पुढे झुकल्याचं दिवाणाच्या कुरकुरीवरून कळलं. तिला किल्ली आधीच दिसलेली असणार, तिला वेळ लागत नाही. तरी तिने वेळ घेतला.

"बारावर," ती अगदी हळू म्हणाली. "सरळ वर ने. दाराच्या चौकटीवर."

मी हात वर नेला, थोडा पुढे गेला, आणला मागे, आणि बटण दाबलं. या खोलीला कोडं नव्हतं, नुसता कुलूप उघडल्याचा आवाज आला. चष्मा लावून बघितलं तर काका नव्हताच कुठे. एक चिठ्ठी होती: मी सुखरूप आहे, समुद्रकाठी राहायला गेलो आहे, हॉटेल आता तुझं.

"एवढ्यासाठी बारा खोल्या," आई म्हणाली. "चिठ्ठी दाराशीच ठेवली असती मेल्याने, तर एवढी पायपीट झाली नसती."

मग तिने भावाला बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. मला सांगितलं तसंच, फक्त थोडक्यात. तो बराच वेळ पिशवीची घडी घालत बसला. नंतर वायर काढायला उठला, तर आई म्हणाली, "राहू दे ते. पिल्लूला सुट्टीत इकडेच पाठव. तिला म्हणावं चारच्या आधी नाही लावायचा. आणि घड्याळ वाचता येतं का तिला, काट्यांचं?"

"मोबाइलवर बघते ती."

"मग शिकवते."

ती माझ्यासमोर बसून त्याच्याशी बोलत होती. मी तिच्याकडे सरळ बघत होते, मग नजर हळूच बाजूला नेली, तिच्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर. भिंतीवर खिळ्याचं एक भोक होतं. ते धरून ठेवलं. नजरेच्या कडेला आईचा चेहरा होता, अस्पष्ट, पण सगळा. किती थकलीये, ते सरळ बघताना लक्षात आलं नव्हतं.

"काय गं," ती बोलता बोलता थांबली, "कुठे बघतेस?"

"तुझ्याकडेच," मी म्हटलं.