दोरिंदाचं पिंप

"थुंकतेस कशाला, गिळ की!" मी म्हटलं. पण उशीआने तोंडातला घोट मोरीत टाकला, चाखायला वाइन काढायची काचेची नळी पिंपावर आडवी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एर्मितास, व्हिनेगर झालंय."

"कुठल्या पिंपाचं?"

"दोरिंदाच्या."

दुसरं कुठलंही पिंप नासलं असतं तर म्हटलं असतं, गेलं उडत. पिंपं धुण्यात माझी हयात गेली, नासकी वाइन काय मी पहिल्यांदा पाहत होते? पण हे पिंप नासायला नको होतं हो.

दोरिंदा म्हणजे आमच्या एलादिओची बायको. एलादिओ उशीआच्या मळ्यात कामाला. पण घरामागे त्या दोघांचा स्वतःचा एक द्राक्षांचा मांडव होता, दगडी खांबांवर चढवलेला, खाडीपर्यंत उतरत गेलेला. आमच्याकडे छाटणी बायकांचीच. पुरुष खांब उभे करतात आणि जन्मभर त्याच्या फुशारक्या मारतात. गेल्या फेब्रुवारीत दोरिंदाने मांडव छाटला, एकेक फांदी वाळुंजाच्या ओल्या काडीने बांधली, आणि आठवड्याच्या आत चुलीपाशी उभी असतानाच गेली. हातातला डावसुद्धा खाली ठेवला नाही तिने.

त्या छाटणीला सप्टेंबरात द्राक्षं आली. एलादिओने ती सगळी उशीआकडे आणून घातली आणि म्हणाला, "हे वेगळं ठेव पोरी. तिला वर्ष झालं की चर्चमध्ये मिस्सा होईल, त्या दिवशी हीच वाइन टेबलावर हवी. यापुढे मांडवाला दुसरा हात लागणार. तिच्या हातची एवढीच."

आता उशीआचं सांगते. ही शिकून आली आणि तिने वडिलांच्या मळ्यातली सगळी औषधं बंद केली. वादळानंतर किनाऱ्यावर आलेलं शेवाळ ओढून आणायचं आणि वेलींच्या मुळाशी घालायचं. तणासाठी हंस सोडायचे. आमच्याकडे उन्हाळ्यातही धुकं आणि पाऊस, डावणीची बुरशी तर पाचवीला पुजलेली. तिच्यावर ही खाजकुयलीसारख्या पाल्याचा काढा फवारणार! पिंपात विकतचं यीस्ट नाही, गंधकाचा कण नाही. "उशीआची वाइन म्हणजे उपासाचं जेवण," शेजारचा फुको म्हणायचा, "हे चालत नाही, ते चालत नाही." तरी तोच दरवर्षी तिला द्राक्षं घालायचा, कारण वाइन चांगली व्हायची. फक्त गंधक नसलं की वाऱ्यापासून वाइनला वाचवणारं कोणी नसतं. पिंप काठोकाठ भरलेलं आणि बूच घट्ट, एवढीच तिची राखण.

"लाकूड ठीक आहे, शेजारची पिंपं ठीक आहेत," उशीआ पुन्हापुन्हा म्हणत होती. "वरचेवर काठोकाठ भरतेही मीच. मग वारा आत गेला कुठून?"

दुपारी मी जेवायला घरी निघाले. अर्ध्या वाटेत पावसाने गाठलं. छत्री तळघरातच राहिली होती, म्हणून परत फिरले.

दोरिंदाच्या पिंपाजवळ पालथ्या क्रेटवर एलादिओ बसला होता. बूच हातात, नाक पिंपाच्या तोंडाशी.

"…आणि हंसाने पाद्रीबाबांचा झगाच धरला बघ चोचीत," तो सांगत होता. "बाबा पुढे, हंस मागे. तू असतीस तर हसून लोळली असतीस." मग त्याने पिंपाला कान लावला. बराच वेळ. मग पुन्हा नाक.

मी छत्री न घेताच घरी गेले. चिंब भिजले आणि वाटभर रडले, लपवायचं कशाला?

शरद ऋतूत रस आंबत होता तेव्हाही तो कान लावायचा. आत बुडबुडे तडतडायचे. "काय म्हणते रे?" आम्ही चिडवायचो. "बडबडते, नेहमीसारखी," तो म्हणायचा. नाताळच्या सुमाराला आंबणं संपलं आणि पिंप गप्प झालं. सगळीच होतात. पण या माणसाची एक बाई आधीच गप्प झाली होती. ऐकू येईना, म्हणून त्याने बूच काढलं.

जेवून परत आल्यावर मी उशीआला हे सांगितलं.

"त्याला कळू देऊ नकोस," मी म्हटलं. "मरेल तो."

संध्याकाळी तिने एलादिओला गाठलं. "दोरिंदाच्या पिंपाचं व्हिनेगर झालंय. चूक माझी आहे. गंधक घालायला हवं होतं. माझा हट्ट नडला."

एलादिओने टोपी हातात फिरवली. "असू दे पोरी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

वर्षाच्या मिस्सानंतर सगळे त्याच्या घरी जमलो. शिंपल्यांचं मोठं भांडं मध्ये होतं. उशीआने दुसरी वाइन आणली होती. दोन पेले पोटात गेल्यावर फुकोच्या जिभेला हाड राहिलं नाही.

"बाई गेली ती गेली, तिची शेवटची वाइनही तुझ्या प्रयोगांनी खाल्ली," तो उशीआला म्हणाला. "चिमूटभर गंधकाने तुझं काय जात होतं गं? मी तरी यंदा माझी द्राक्षं दुसरीकडे घालणार." टेबलाभोवती तिला द्राक्षं घालणारे आणखी दोघे होते. त्यांनीही माना हलवल्या.

उशीआ ताटाकडे बघत राहिली. मला तर फुकोच्या डोक्यात भांडं घालावंसं वाटलं.

"बूच मी काढत होतो," एलादिओ म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"रोज. दुपारी. ती गप्प झाली होती. म्हटलं, निदान वास तरी येईल." त्याने पेला बाजूला सारला. "मी नासवली. माझ्या हाताने. या पोरीला ते ठाऊक आहे, तरी खोटं बोलली माझ्यासाठी. आणि खोटं बोलता येत नाही तिला, दोरिंदासारखंच. त्याच दिवशी ओळखलं मी."

फुको उठला, बाटली घेऊन टेबलाला वळसा घालून गेला आणि एलादिओचा पेला भरला. मग उशीआचा. द्राक्षांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

व्हिनेगरचं पिंप तळघरात ठेवता येत नाही, शेजारच्या पिंपांना बाधतं. दुसऱ्या दिवशी उशीआने ते ट्रॅक्टरवरून एलादिओच्या पडवीत आणून उतरवलं. तो हातोडी आणि बूच घेऊन तयारच उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

उशीआने त्याच्या हातातलं बूच काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

"आता हे नको. व्हिनेगरला वारा हवाच असतो. चिलटं जाऊ नयेत म्हणून वरून फडकं बांधा, बस."

"म्हणजे… उघडंच ठेवायचं?"

"उघडंच. नेहमी."

तो आत गेला, दोरिंदाचा चौकड्यांचा डोईचा रुमाल घेऊन आला आणि पिंपाच्या तोंडावर नीट बांधला. मग एक क्रेट ओढून बसला. आम्ही दोघी निघालो. फाटकापाशी पोचतो न पोचतो तोच मागून त्याचा आवाज आला.

"ऐक, काल फुकोचं तोंड बघायला हवं होतंस तू."