मी पाडलेली विमानं

“तू आजवर किती विमानं पाडलीस रे?”

माझ्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून एका शाळकरी मुलीने मला हे विचारलं. तेही वर्दीतल्या माणसांनी भरलेल्या खोलीत! “विचारून दाखव, मग मानलं तुला,” असं तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं म्हणे. सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या स्पीकरमधून नुसती खरखर येते.

तर मित्रांनो, तिला देता आलं नाही ते उत्तर तुम्हाला देतो. मी एक जुना सिम्युलेटर आहे, म्हणजे खोट्या विमानांवर सराव करून घेणारं यंत्र, आणि मी इतकी विमानं पाडली आहेत की मोजदाद ठेवणं कधीच सोडून दिलं. पण त्यात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही! कारण माझी विमानं उजेडाची असतात.

लष्करी विमानतळावर विमानांना “आता उतर”, “आता थांब” असं सांगणारे जे सैनिक असतात, ते माझ्याकडे शिकतात. मी म्हणजे एक गोल खोली. भिंतभर पडदे, पडद्यांवर धावपट्टी, मधे टेबल आणि माइक. शेजारच्या खोलीत काही जण वैमानिक बनून बसतात. इकडून सैनिक बोलतो, तिकडून ‘वैमानिक’ उत्तर देतो, आणि चूक झाली की माझ्या पडद्यावर धडाम!

मला बनवलं तेव्हा काय थाट होता माझा! सुताराने माझ्या टेबलाची कड हाताने घासून गुळगुळीत केली. पडदे लावणारा तंत्रज्ञ तर पडद्यावरचं गवत बघून म्हणाला, “घ्या, आता इथे गाय सोडायचीच बाकी आहे!” पाहुणे यायचे, तोंडात बोट घालायचे. माझी छाती नुसती फुगायची. छाती म्हणजे आतला पंखा.

मग हळूहळू ग्रहण लागलं. माझ्यावर शिकवायला अधिकारी यायचे, हुशार असायचे, पण माझी बटणं जरा अंगवळणी पडली की झाली त्यांची बदली! नवा आला की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. शेवटी एक जण गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. माझ्यावर आच्छादन टाकलं. त्यावर खुर्च्या रचल्या. माझ्या माइकच्या दांड्यावर कुणीतरी चक्क रेनकोट वाळत घातला! अपमान म्हणजे काय ते तेव्हा कळलं मला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्यांची बदली होत नाही, असेच शिक्षक कंत्राटावर घ्यावेत. आणि बाई आल्या. साध्या, प्रवासी विमानतळाच्या टॉवरमध्ये विमानांना वाट दाखवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात दोरीचा चष्मा. त्या आत येताच अख्ख्या वर्गाने ताडकन उभं राहून सलाम ठोकला.

“बसा, बसा,” बाई म्हणाल्या, “मी काही झेंडा नाही.”

त्यांनी सगळ्यात आधी माझ्या माइकवरचा रेनकोट काढला. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

पण लष्करातली एक गंमत सांगतो. शेजारच्या खोलीतला ‘वैमानिक’ हुद्द्याने मोठा असेल ना, तर त्याच्या आवाजानेच शिकाऊ सैनिकाची दातखीळ बसायची. वर्गात एक तरुण मुलगी होती, सगळे तिला ‘कुजबुज’ म्हणायचे. धावपट्टीवर ट्रॅक्टर उभा आणि वरून साहेबांचं विमान येतंय, तर ही म्हणते कशी, “सर, जमलं तर जरा नंतर उतराल का?”

धडाम! तो ट्रॅक्टर गेला, विमानही गेलं.

“जमलं तर?” बाई म्हणाल्या. “जेवायला बोलावतेयस का त्यांना? अगं, विमानाला हुद्दा नसतो. तिथे चाळीस जीव बसलेत असं समज. आता माझ्यावर ओरड. ओरड, ओरड! मी काही तुझी बदली करू शकत नाही.”

कुजबुज रोज ओरडायला शिकत होती. आणि बाईंच्या कंत्राटाचं वर्ष संपत आलं होतं. बाई घरापासून लांब राहायच्या, फक्त सुट्टीला घरी जायच्या. ‘एकच वर्ष’ असं त्यांनी घरी कबूल केलं होतं. इकडे मोठे साहेबही म्हणत होते, “बाहेरच्या माणसांना आमची शिस्त काय कळणार? परीक्षेला वैमानिक मीच बनेन. त्यावरून ठरवू पुढचं.” मला तर रेनकोटच दिसायला लागला!

परीक्षेच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. ‘किती विमानं पाडलीस’ विचारणारी ती मुलगी म्हणजे बाईंचीच लेक. वडिलांबरोबर आली होती, आईला घरी घेऊन जायलाच.

कुजबुज माइकसमोर बसली. साहेबांचं विमान खाली येऊ लागलं. बाईंनी एक बटण दाबलं आणि धावपट्टीवर ट्रॅक्टर आला.

“उतरू नका. वर जा,” कुजबुज म्हणाली.

“मी उतरतोय,” साहेबांचा आवाज गरजला. “कुणाशी बोलतेयस, कळतंय ना?”

तिचे कान लाल झाले. शिकाऊला बाजूला सारून स्वतः बोलायचं बटण बाईंच्या बोटाखालीच होतं. बाईंनी हात मागे घेतला आणि चक्क त्याच हातावर बसल्या! विमान खाली, आणखी खाली. माझा पंखा थांबायचा बाकी होता.

“विमानाशी बोलतेय!” कुजबुज कडाडली. “धावपट्टीवर ट्रॅक्टर आहे. वर जा, आत्ता!”

विमान वर गेलं. ट्रॅक्टर वाचला.

साहेब शेजारच्या खोलीतून बाहेर आले. कुजबुज पांढरीफटक होऊन सलाम ठोकून उभी.

“मला असं दरडावणारं बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नव्हतं,” साहेब म्हणाले.

“घरी नाही का कुणी?” बाई बोलून गेल्या.

मग साहेबच इतके हसले की सगळी खोली हसली. “बाई, नवं कंत्राट तीन वर्षांचं करू. याल ना?”

बाईंच्या चेहऱ्यावर ‘हो’ आलं, आणि लेकीकडे बघताच परत गेलं. “घरी विचारून सांगते,” त्या पुटपुटल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला तेल, फडकं, नवे पडदे द्याल, तर आम्ही खूशच होऊ. पण त्याहून जास्त जपा ते आमच्याशेजारी बसून न कंटाळता शिकवणारं माणूस. ते गेलं की आम्ही नुसत्या कपडे टांगायच्या खुंट्या! मला हे ओरडून सांगायचं होतं. पण खरखरच आली.

लेक उठली. कुजबुजकडे बघितलं, मग आईकडे.

“आई, तू इथेच शिकवायचंस. बाबा, स्वयंपाक तुम्ही, भांडी मी.”

“अगं, पण तुझी दहावी...” आई म्हणाली.

“आणि मला कुठे येतो स्वयंपाक?” बाबा म्हणाले.

“शिकाल! दहावी माझी आहे, मी बघते. सुट्टीच्या दिवशी मात्र तू आमची, आई. आता कुणी ‘पण’ म्हणायचं नाही. मी ठरवलंय.”