चौतीस आणि चाळीस

सातव्या पिंजऱ्यातल्या नर उंदराची कवटी फोडून मादीने मेंदू खाल्ला होता. आठवड्यातला हा चौथा नर. भुसा रक्ताने भिजला होता आणि बाईसाहेब कोपऱ्यात बसून मिशा पुसत होत्या.

सरांनी पिंजरा पाहिला आणि मामांच्या थोबाडीत मारली.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं उंदरांचे पिंजरे सांभाळतात. सर त्यांच्याहून चांगले पंधरा वर्षांनी लहान, आणि मी सरांच्या हाताखाली संशोधन करणारी.

"दाणे विकून खातोस आणि जनावरं उपाशी ठेवतोस! सोमवारी चालता हो इथून."

"सर, दाणे ताटलीतच आहेत," मामा गालावर हात ठेवून म्हणाले. ताटली भरलेली होती, पण सरांना ती बघायला सवड कुठली? माझ्या अंगाची नुसती लाही झाली. सरांची मान मोडावीशी वाटली. त्या कामात माझा हात बसलेलाच आहे, उंदरांच्या बाबतीत.

आमच्याकडे सख्खी भावंडं जुळू नयेत म्हणून नर एका जागचा आणि मादी दुसऱ्या जागची घेतात. नियम सरांचाच. नर नेहमीचे, कालव्याकडचे. माद्या या महिन्यात प्रथमच खाणीकडून आणलेल्या. पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपूट तेवढीच. कोणालाच शंका आली नाही. मला आता आली. ही जोडपी नव्हतीच.

शनिवारी मी सोळा उंदीर घेतले. पाच कालव्याचे, पाच खाणीचे, सहा मधल्या झुडपांतले. पेशी विभागता विभागता थांबाव्यात म्हणून प्रत्येकाला सुई टोचली आणि तासभर थांबले. मग मानेवर अंगठा, शेपटीला हिसका. कट्. मांडीचं हाड कापून आतली मज्जा काढली, औषधांतून धुतली, हात उंच धरून थंड काचेवर तिचे थेंब टाकले. उंचावरून पडले की पेशी फुटतात आणि गुणसूत्रं मोकळी पसरतात. एक मादी गाभण निघाली. तरी मी थांबले नाही. सोळाव्या मानेला माझा अंगठा ठणकत होता, आणि ठणकतोय तो फक्त अंगठाच, याची मला लाज वाटली.

सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. कालव्याच्या उंदरांत गुणसूत्रं चाळीस, खाणीच्या उंदरांत चौतीस. झुडपांत दोन्ही प्रकार शेजारी राहत होते, पण संकर झाला असता तर अर्धी आईची, अर्धी बापाची असा सदतीसवाला सापडला असता. तसा एकही नव्हता. तीनदा मोजलं. एका कातडीखाली दोन प्रजाती होत्या आणि आम्ही त्यांना एका पिंजऱ्यात कोंडत होतो.

सोमवारी सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओठांनी आकडे मोजत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "नवी प्रजाती!"

"मामांची चूक नव्हती, सर."

"हो हो, राहू द्या त्यांना. मामा, आजच वीस जोड्या लावा. खाणीची मादी, कालव्याचा नर. मारामारीचं चित्रण हवंय."

"नर मरतील, सर."

"म्हणून तर लावायच्या. प्रजाती वेगळ्या असल्याचा तोच पुरावा."

मामांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं. मग अशी सणसणीत लगावली की सरांचा चष्मा बेसिनमध्ये जाऊन फुटला आणि ओठ दाताखाली चिरला.

"ही तुमचीच, परत केली," मामा म्हणाले आणि दाराकडे निघाले.

सोळा माना मोडून वाचवलेली नोकरी दहा मिनिटंही टिकली नाही. तरी मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

सरांनी ओठावरचं रक्त पुसलं आणि जुडगा माझ्याकडे सरकवला. "जोड्या तू लाव. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं."

वीस नर. मी डोळ्यांपुढे त्यांच्या कवट्या पाहिल्या. माझं नावही पाहिलं, छापलेलं.

मी चाव्या उचलल्या.

मामा दारातच वळून उभे होते. कोणी मारलेलं नसताना त्यांचा हात गालावर गेला.