खटक्याचा फ्रिज

विजयश्री भोसरीच्या एका कंपनीत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे भरायचं काम करायची. कंपनी बंद पडल्यावर तिने जवळच एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि लोकांनी टाकून दिलेले टेबलफॅन, मिक्सर, गिझर आणून, चालू करून विकायला लागली. नवरा किसन चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये होता. सुट्टीच्या दिवशी तिच्या वस्तूंना रंग तोच मारून द्यायचा.

फ्रिज तिला निगडीत सापडला. तिथे एक बंगला पाडत होते आणि भंगारवाला फ्रिजवर हातोडा घालण्याच्या बेतात होता. गोल खांद्यांचा, जाड दाराचा, जुना फ्रिज. दार लोटलं की खट्‌ आवाज होऊन खटका बसायचा आणि बाहेरचं हँडल ओढल्याशिवाय सुटायचा नाही. विजयश्रीने भंगारवाल्याशी सौदा केला आणि फ्रिज टेम्पोत घालून शेडमध्ये आणला.

तिने मोबाइलवर टाकलेला फोटो बघून धनेश नावाचा गिऱ्हाईक आला. हिंजवडीला नोकरी, पिंपळे सौदागरला फ्लॅट. लहानपणी शेजाऱ्यांकडे असाच फ्रिज होता म्हणाला. दार लागल्याचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू यायचा. आतलं काहीही बदला, पण तो आवाज तसाच राहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. विजयश्रीने आनंदाने शब्द दिला. तिलाही तो आवाज आवडायचा.

कामाला बराच वेळ लागला. कंप्रेसरची मोटार तिने नव्याने भरली, गॅस भरून घेतला. किसनने फिकट हिरवा रंग दिला. दाराचं रबर मात्र पार कडक झालं होतं, ते नवीन बसवावं लागलं. ते नीट बसलंय का, कुठून उजेड आत येतोय का, हे बघायला एका रविवारी दुपारी ती आतल्या जाळ्या काढून स्वतःच फ्रिजमध्ये बसली. किसनला म्हणाली, दार लावा, मी आतून वाजवलं की उघडा.

खट्‌ झालं. आत मिट्ट काळोख. उजेडाची एक रेघही नव्हती. रबर चोख बसलं होतं. तिने समाधानाने दारावर थाप मारली.

दार उघडलं नाही. तिने पुन्हा मारली, मग दोन्ही पाय लावून ढकललं. दार हललंसुद्धा नाही. शेजारच्या शेडमधली पत्रा दाबायची प्रेस धाडधाड चालू होती आणि तेवढ्यात माल घेऊन आलेल्या रिक्षावाल्याने हाक मारली म्हणून किसन फाटकापर्यंत गेला होता. परत आला तरी त्याला आतून काहीच ऐकू येईना. बाई अजून रबर तपासतेय, असंच त्याला वाटलं. शेवटी सहज म्हणून त्याने हँडल ओढलं.

ती घामाने भिजली होती. किसनने हात धरून तिला बाहेर काढलं. "अगं, आवाज तरी द्यायचा," तो म्हणाला. ती पाणी प्यायली, जरा वेळ उंबऱ्यावर बसली, आणि मग पाना घेऊन खटका काढायला लागली.

पुढच्या आठवड्यात धनेश न्यायला आला. दार लोटलं, ते खटक्याऐवजी आता बसवलेल्या, आतून ढकललं तरी सुटणाऱ्या चुंबकाच्या रबराने गुपचूप बसलं. त्याचा चेहराच उतरला.

"ताई, मी एकच गोष्ट मागितली होती."

"हो. आणि मी कबूल केलं होतं," विजयश्री म्हणाली. मग तिने काय घडलं ते सांगितलं.

धनेश म्हणाला, आत जाळ्या असतील, सामान असेल, कोण कशाला जाऊन बसेल?

"धुवायला जाळ्या बाहेर काढाल ना कधीतरी? घरात लेकरू आहे तुमच्या. खटका लावून मी हा फ्रिज कुणालाच देणार नाही. नको असेल तर राहू दे इथे, माझा काही राग नाही."

धनेश फ्रिजभोवती फिरला. बायकोला फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला. आत आल्यावर म्हणाला की रश्मी तर आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणतेय. त्याच्या आवाजात नाराजी होती ती होतीच. हँडल तेवढं दिसायला राहू दिलंय, असं किसनने सांगितलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली.

नंतर एकदा आतला दिवा लागत नाही म्हणून त्याने विजयश्रीला बोलावलं. ती गेली तेव्हा फ्रिज पार वरपर्यंत भरलेला होता, कोथिंबीर, ताक, औषधाच्या बाटल्या. दिव्याचं बटण अडकलं होतं, ते तिने मोकळं केलं. रश्मीने चहा केला. धनेश म्हणाला, "ताई, आवाजाची आठवण येते अजून." "मलापण येते," ती म्हणाली, आणि चहा संपवून बसस्टॉपकडे निघाली.