दुसऱ्याची रुई

"यात कोनीच नाही," चंदाबाई म्हणाली.

दुकानाच्या ओट्यावर तिनं गादी उलगडली होती आणि तळहात दाबत ती वरपासून खालपर्यंत चाचपत होती. तापलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तशी.

मेहरबीनं हातातलं दाभण बाजूला ठेवलं. "कोनी म्हन्जे?"

"आमच्या घरचे. तुह्याकडे गादी आनून देली तवा होते. आता नाही."

"बाई, खोळ तं तुहीच हाय. हा पाह्य, तुह्या हातचा टाका."

"खोळ माहीच. आतलं माहं नाही."

ती भांडायला आली नव्हती. भांडली असती तर मेहरबीला बरं वाटलं असतं. चंदाबाईनं गादी तिथंच सोडली, भाजीची रिकामी टोपली उचलली आणि बाजाराच्या दिशेनं निघून गेली.

कारंज्याच्या शिवारात चंदाबाईचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा चंपत पावसाळा सरताना गेला. दिवाळी झाल्यावर त्याची गादी घेऊन ती मेहरबीच्या गादी-कारखान्यात आली होती. रुईचे गोळे झाले होते, पिंजून हवी होती. तेव्हा तिनं हसत हसतच सांगितलं होतं, की चंपतनं उभा जन्म मोटरीच्या विजेची वाट पाहण्यात घालवला. वीज कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून तो झोपेतसुद्धा विचारायचा, "लाइन आली का व?"

"अजून इचारतात," ती म्हणाली होती. "त्या गादीवर डोळा लागला का इचारतात. मले भेव नाही वाटत. मी म्हनतो, नाही आली, झोपा. मंग झोपतात. पिंजून दे मेहरबी, पन रुई हेच पाह्यजे."

"हेच राहीन," मेहरबीनं शब्द दिला होता.

तो शब्द या दुकानात नवा नव्हता. मेहरबीचा नवरा वहाब हयात असताना प्रत्येक घराच्या रुईचा ढीग वेगळा ठेवायचा, आणि ढिगावर त्याच घरच्या खोळीची चिंधी खोचायचा. माणूस ज्या रुईवर आजारी पडतो, बाळंत होतो, मरतो, ती रुई दुसऱ्याच्या अंगाखाली जाऊ नये. त्याच्या मागं मेहरबीनं दुकान चालवलं ते याच एका गोष्टीवर. लोक शेलूबाजारहून जीपवर गाद्या बांधून आणायचे ते स्वस्त दरासाठी नव्हे, या भरवशासाठी.

पण यंदा तिला नाही म्हणणं जमेना झालं होतं. नाही म्हणताना दुकान लहान वाटायचं. मुलगा तौकीर म्हणाला फोम ठेवू, ती हो म्हणाली. कोणी पडदे मागितले, हो म्हणाली. सोफ्याची कव्हरं, हो. मग उदयसिंग नावाचा ठेकेदार वाशिमच्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहाच्या गाद्यांचं काम घेऊन आला, तेव्हा तर तिनं पेढेच आणवले. सकाळ फोमवाल्याशी फोनवर जायची, दुपार पडद्याचं कापड निवडण्यात. मागच्या खोलीत पिंजणयंत्राशी ती कित्येक दिवस बसलीच नव्हती.

आता ती मागं गेली. किशन यंत्रावर होता. दुकानातला सर्वांत जुना माणूस. त्यानं यंत्र बंद केलं तरी हवेत तंतू तरंगत राहिले.

"किशन, चंदाबाईचा ढीग कोन्या गादीत गेला?"

किशननं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "आता काय सांगू अम्मा? त्या दिवशी होस्टेलचा माल कमी पडून राह्यला होता. म्या तुमाले इचारलं. तुमी फोनवर होत्या. तुमीच म्हनलं, जे हाय ते टाक."

मेहरबीला ते आठवत नव्हतं. पण आवाज आठवला. आपलाच, घाईतला, कोणालातरी थांबायला सांगून मध्येच मागं वळून फेकलेला.

"सारं एकात गेलं?"

"एकात गेलं. त्यातनंच होस्टेलच्या भरल्या, अन् एक ते राधिकाबाईच्या पोरीची."

राधिका दोन गल्ल्या सोडून राहायची. गादी बदलून मागायला ती कालच येऊन गेली होती, आणि मेहरबीनं तिला पडद्यांच्या गडबडीत नंतर ये म्हणून परत पाठवलं होतं. मेहरबी डोक्यावर ओढणी घेऊन तशीच निघाली.

दार उघडताच राधिका कुजबुजली, "हळू या मावशी. आत्ताच झोपली."

खोलीत दुपारचं ऊन होतं. बालवाडीतून आलेली रुचिका नव्या गादीच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून झोपली होती. बाकीची गादी मोकळी. कोणासाठी तरी जागा ठेवावी तशी. एक हात डोक्याखाली, दुसऱ्याची मूठ घट्ट, फावड्याचा दांडा धरल्यासारखी.

"अशी नव्हती झोपत हे," राधिका म्हणाली. "आडवी-तिडवी लोळे. अन् हे पाहा."

तिनं पोरीच्या पायावरची चादर बाजूला केली. इवलेसे तळवे ओले होते. मेहरबीनं हात लावला. थंडगार. वाफ्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायासारखे.

"किती खेप पुसू? ताप नाही, काही नाही. डॉक्टर म्हनतात, काही नाही. पाय तेवढे ओले. अन् बोलते."

"काय बोलते?"

राधिकाला सांगावं लागलं नाही. पोरीच्या कपाळावर आठी पडली. मिटल्या डोळ्यांनीच तिनं मान किंचित उचलली, दूरचं काही ऐकू येतं का ते पाहिल्यासारखी.

"लाइन आली का व?"

आवाज पोरीचाच होता. पण त्यातला कंटाळा पोरीचा नव्हता. त्याला फार वर्षं लागली असणार.

"आमच्या घरी लाइन जातच नाही, मावशी," राधिका रडवेली झाली. "मोटर नाही, वावर नाही. कोन्या लाइनचं इचारून राह्यली हे?"

मेहरबी गादीशेजारी खाली बसली. त्या चिमुरड्या तोंडाकडे पाहून ती अदबीनं म्हणाली, "नाही आली. झोपा तुमी."

आठी विरली. मूठ सुटली. रुचिका कुशीवर वळली आणि गादीच्या मधोमध येऊन लहान मुलासारखी पसरली.

राधिका मेहरबीकडे पाहत राहिली. "कोन हाय ते?"

"भला मानूस होता. चूक त्याची नाही, माही हाय." मेहरबीनं पोरीला अलगद उचलून राधिकाच्या कडेवर दिलं, गादीची वळकटी केली आणि पोटाशी धरून रस्त्यानं चालत दुकानात आणली.

दुकानात तौकीर वसतिगृहाच्या गाद्यांची थप्पी मोजत होता. पहिली खेप वाशिमला पोचली होती, दुसरीसाठी उदयसिंगची गाडी संध्याकाळी यायची होती.

"गाडीले नाही म्हनून सांग," मेहरबी म्हणाली. "आज माल जानार नाही."

"अम्मी, असं कसं?"

वरची गादी ओढून तिनं जमिनीवर टाकली आणि तिच्यावर आडवी झाली. डोळे मिटले. रस्त्यावरचे लोक बघत होते. थोड्या वेळानं उठली, ती गादी बाजूला सारली, दुसरी ओढली.

"अम्मी, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

गादीमागून गादी ती निजून पाहत होती. बहुतेक गाद्या नुसत्या गाद्या होत्या. पण एकीवर पाठ टेकली आणि तिचे कान आपोआप ताठ झाले. बाजाराचा आवाज मागं सरला. फार लांबून काहीतरी सुरू व्हायचं होतं, होत नव्हतं, आणि ते झाल्याशिवाय झोपता येणार नव्हतं. तिचे तळवे गार पडले. ती उठून बसली तेव्हा पायाखालची फरशी ओली होती.

"किशन, हे इकडं घे. याची शिवन उसव."

अशी आणखी एक निघाली. बाकी थप्पी संपली.

तौकीरनं फोन ठेवला. चेहरा उतरला होता. "उदयसिंग म्हनते, सारं काम दुसऱ्याले देतो. अम्मी, एका बाईच्या गादीपायी?"

"तिनं एकच काम सांगतलं होतं बेटा. आपन तेवढं सोडून बाकी सारं केलं." मग म्हणाली, "फोम वापस कर. पडद्याची पाटी काढ. हातची कव्हरं तेवढी देऊन टाक. नवं नको."

"मंग दुकानात राहीन काय?"

"जे होतं ते."

तौकीर पाटी काढायला स्टूल घेऊन बाहेर गेला. त्यानं ती इतक्या जोरात ओढली, की खिळ्यासकट भिंतीचा पोपडा खाली आला.

मेहरबीनं यंत्र लावू दिलं नाही. राधिकाच्या गादीतली आणि त्या दोन गाद्यांतली रुई तिनं चादरीवर पसरली आणि बोटांनी निवडू लागली. एकदा पिंजली की रुईला नाव राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. नवी पांढरी होती, जुनी थकलेली, पिवळट, पण जुनी तर कितीतरी घरांची होती. म्हणून ती डोळ्यांवर विसंबली नाही. ज्या पुंजक्यानं बोटं गार पडत, तो उजवीकडं. दिवस त्यातच सरत गेले. गिऱ्हाईक आलं तर किशन सांगे, अम्मा कामात हायत. राधिकाच्या पोरीसाठी तिनं कोऱ्या रुईची गादी स्वतः भरून पाठवली.

चंदाबाईला निरोप गेला. ती दुपारी ऑटो घेऊन आली. ओट्यावर गादी पसरली होती, पहिल्यापेक्षा पातळ. चंदाबाईनं हात ठेवला. वरपासून खालपर्यंत ती चाचपत गेली.

"हाय?" मेहरबीनं विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "पन सारे नाही."

"बाकीची रुई पयल्या खेपेत वाशिमले गेली. म्या तिथी मानूस धाडला, त्याईनं गादीले हात लावू देला नाही. कोन्या पोरीच्या अंगाखाली असन." मेहरबीची मान खाली गेली. "शब्द देला होता म्या तुले."

चंदाबाईनं गादीवरची एक सुरकुती सरळ केली.

"असू दे. पोरीबाळी हायत तिथं. आमच्या घरच्याईले जागायची सवयच हाय. राखन करतीन."

ऑटोवाला गादी टपावर बांधायला दोरी घेऊन आला. चंदाबाई नको म्हणाली. दोघांनी मिळून वळकटी मागच्या सीटवर ठेवली, आडवी नाही, टेकवून बसवली. चंदाबाई शेजारी अंग चोरून बसली. ऊन त्या बाजूनंच येत होतं. ऑटो वळेपर्यंत मेहरबीला दिसलं ते एवढंच, की चंदाबाईनं आपल्या डोक्यावरचा पदर सोडवला आणि वळकटीच्या वरच्या टोकावर सारखा करून धरला.